शरयूची तुटक रेघ

फ्राऊ लेमान यांचा फोन आला तेव्हा मी पुण्याच्या घरी डाळ निवडत होते. साडेअकरा वाजले होते, म्हणजे जर्मनीत सकाळचे सात. फ्राऊ लेमान माझ्या धाकट्या बहिणीच्या, शरयूच्या, खालच्या मजल्यावर राहतात. त्यांना इंग्रजीचे शंभरेक शब्द येतात, मला जर्मनचे तेवढेच, आणि एरवी त्या दोनशे शब्दांत आमचं छान भागतं. त्या दिवशी भागलं नाही. त्या 'सिस्टर' म्हणाल्या, मग 'नॉट अवेक' म्हणाल्या, आणि पुढचं सगळं जर्मनमध्ये, एकेक शब्द सुटा करून सांगत राहिल्या. मला त्यातला एकही शब्द कळला नाही, आणि सगळं कळलं. नंतर समजलं ते असं. शरयूच्या खिडकीची गुंडाळी-झडप रोज सहाला खडखडत वर जायची आणि तो आवाज खाली फ्राऊ लेमान यांच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. त्या दिवशी आला नाही. साडेसहापर्यंत वाट बघून त्या त्यांच्याकडची किल्ली घेऊन वर गेल्या. शरयू झोपेतच गेली होती. वय अडुसष्ट, माझ्याहून सहा वर्षांनी लहान.

रेवा, ईशान, माझ्या नातवंडांनो, हे मी वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहिते आहे, पण लिहिताना समोर तुम्ही दोघं आहात. तुम्ही मेलबर्नला, मी सध्या जर्मनीत येनाला, तुमच्या शरूआजीच्याच टेबलाशी. तुमची आई तुम्हाला हे वाचून दाखवेल. जे शब्द अडतील ते तिला विचारा, तिला अडले तर तिने मला विचारावेत. शरूआजीला तुम्ही दोनदाच भेटलात आणि 'डॉट्स काढणारी आजी' एवढीच ती तुमच्या लक्षात आहे. तेवढं पुरेसं नाही असं मला वाटतं. शिवाय तुमच्या आईच्या कपाटात एक दोनपदरी हार आहे. त्याची गोष्ट तुम्हाला माझ्याकडूनच कळावी. दुसऱ्या कुणी सांगितली तर ती माझ्यासाठी थोडी गोड करून सांगेल.

मला इथे येऊन पाच आठवडे झाले. जर्मनीत माणूस गेलं तरी त्याचं भाड्याचं घर तीन महिन्यांच्या नोटिशीवर चालू राहतं. त्या नोटिशीला क्युन्डिगुंग म्हणतात आणि ती कागदावर सही करूनच द्यावी लागते. माझा व्हिसाही मला सलग तीनच महिने राहू देतो. म्हणजे शरयूच्या घराची आणि माझी मुदत जवळजवळ एकच. दहनालाही इथे आठ-दहा दिवस जातात, त्यामुळे मला तिला बघता आलं. पुण्याहून निघताना मी तुळशीचं पान वहीत घालून आणलं होतं. ते वाळून कडक झालं होतं, पण तिच्या ओठांवर ठेवता आलं. पानाबरोबर सोन्याचा कण ठेवायची आपल्या घरची रीत आहे. तो मी आणला नव्हता. विसरले असं नाही. आम्हा दोघींमध्ये सोनं पुरेसं झालं होतं.

शरयूने पुण्यात चित्रकलेचा डिप्लोमा केला आणि उत्खननात सापडलेल्या खापरांची चित्रं काढायच्या कामाला लागली. वडील पाहुण्यांना सांगायचे, लोकांच्या मुली डॉक्टर होतात, आमची मुलगी फुटकी मडकी काढते. ती म्हणायची, "बाबा, धड मडकी कुणी पुरत नाही." ती खापरांची चित्रं एका जर्मन प्राध्यापकांनी पाहिली आणि तिला सहा महिन्यांसाठी बोलावलं. त्या सहा महिन्यांची चौतीस वर्षं झाली. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही असं मी एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली की दुपारच्या उजेडात वेळ मिळाला नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

तिचं काम काय होतं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जुनी वस्तू समोर ठेवायची, मापं घ्यायची, पेन्सिलीने काढायची आणि मग बारीक टोकाच्या पेनाने शाईत पक्की करायची. सावली रेघांनी नाही, ठिपक्यांनी. एका तळहाताएवढ्या वस्तूला कधी कधी तीन आठवडे लागत. कॅमेरे असताना हे कशाला, असं तिला प्रत्येक जण विचारायचा. तिचं उत्तर ठरलेलं होतं: "फोटोत सगळंच येतं. चित्रात जे आहे तेवढंच येतं." ह्या कामाचे नियम तिच्या अंगात मुरलेले होते. उजेड नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यातून पडतो असं धरायचं, म्हणजे जगात कुठेही बघणाऱ्याला खड्डा कुठला आणि उंचवटा कुठला ते कळतं. जे डोळ्यांना दिसतं ते पूर्ण रेघेत. तुटलेला भाग उरलेल्यावरून सांगता येत असेल तर तुटक रेघेत. काहीच सांगता येत नसेल तर जागा मोकळी सोडायची. मोकळ्या जागेची लाज वाटता कामा नये, असं ती तिच्या हाताखालच्या मुलींना शिकवायची.

एवढी काटेकोर बाई, पण घर मात्र असं की मीठ चहाच्या डब्यात, चहा बिस्किटांच्या डब्यात आणि बिस्किटं संपलेली. मी जन्मभर कॉलेजची ग्रंथपाल. कॉन्व्हेंटमधल्या बायकांनी मला शिकवलं ते इंग्रजी आणि वस्तू जागेवर ठेवणं, आणि दोन्ही अजून टिकून आहेत. निवृत्त झाल्यापासून मी दर वर्षी इथे यायचे, पहिल्या आठवड्यात सगळ्या डब्यांना लेबलं लावायचे आणि पुढच्या वर्षी त्याच लेबलांखाली वेगळंच काही सापडायचं. एकदा 'जिरे' लिहिलेल्या डब्यात पेनाची टोकं निघाली. ती म्हणाली, "ताई, तुझी लेबलं आल्यापासून मला काही सापडत नाही." ह्या घरात एकच वस्तू कधी हलली नाही. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यातला दिवा. मी पुसायला म्हणून तो उजवीकडे सरकवला की ती न बोलता उठायची आणि परत डावीकडे ठेवायची.

आता माळ. आमच्या आईकडे पुतळ्यांची माळ होती. सोन्याच्या चपट्या गोल चकत्या, प्रत्येकीवर उठावाचं चित्र, आणि सगळ्या रेशमात गाठवलेल्या. आई ती हळदीकुंकवाला घालायची. चकतीवर एक माणूस उभा होता आणि त्याच्यासमोर दुसरा गुडघे टेकून. आई म्हणायची, उभा आहे तो राम आणि खाली बसलाय तो मारुती. मी मान्य करून अभ्यासाला जायचे. शरयू आईच्या मांडीवर बसून एकेक पुतळी नखाने चाचपायची. एकदा तिने कणकेच्या गोळ्यावर पुतळी दाबून ठसा उठवला. आईने रागावून ती कणीक हातातून घेतली, तेव्हा शरयू रडायला लागली, आणि शेवटी आईनेच तो ठसा तव्यावर भाजून तिला खायला दिला. पुढे ती म्हणायची, "माझ्याकडे पुरावा होता, मी तो तुपाशी खाल्ला."

आई गेल्यावर माळ माझ्याकडे आली. त्यानंतर काही वर्षांनी शरयूचं जर्मनीहून पत्र आलं. तिने इथे एका संग्रहात व्हेनिसची जुनी सोन्याची नाणी पाहिली होती आणि त्यांवर उभा एक आणि गुडघे टेकलेला एक, अशी दोन माणसं होती. उभा त्यांचा संत, गुडघे टेकलेला त्यांचा राजा. आपल्याकडच्या पुतळ्या मुळात अशा नाण्यांवरून आल्या असं तिने लिहिलं होतं. पण आपल्या सोनारांनी ठसे करताना प्रत्येकाने आपापलं काही ना काही बदललं, आणि आपल्या आईच्या पुतळीवर काय बदललं ते हातात घेतल्याशिवाय सांगता येणार नाही. 'माळ तुझ्याकडेच राहू दे,' शेवटी लिहिलं होतं, 'एक पुतळी मला दे. काढून झाली की परत.' मी पत्र फायलीत लावलं. टपालाने सोनं कसं पाठवायचं, पुढच्या खेपेला नेईन, असं ठरवलं. ती पुढची खेप पुढे पुढे जात राहिली.

मग अनघाचं, तुमच्या आईचं, लग्न ठरलं. तिला नवा हार हवा होता आणि पुतळ्यांची माळ आता कोण घालतं, असं मीच म्हणाले. 'मोडून करू' हा आपल्या घरांमधला फार हलका शब्द आहे. पाटल्या मोडून बांगड्या करतो, बांगड्या मोडून वाट्या करतो, आणि त्याला कुणी मोडतोड म्हणत नाही. सोनाराकडे बसले असताना मला शरयूचं पत्र आठवलं. मी म्हणाले, एक पुतळी बाजूला काढा. तो म्हणाला, "काढतो, पण मग दोन पदर पुरे होणार नाहीत बघा." मी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, राहू दे. दहा मिनिटांत सगळ्या पुतळ्या मुशीत गेल्या. मी तिथेच होते. छान, एकसारखं सोनं झालं.

शरयू लग्नाला आली होती. तिने हार हातावर घेतला, अंगठ्याने चाचपला आणि म्हणाली, "काम स्वच्छ आहे. नवीन सोनार?" मी म्हणाले, जुनाच. दुसऱ्या दिवशी तिने पुतळी मागितली. मी म्हणाले, लॉकरमध्ये आहे, आज बँकेला सुट्टी आहे. सुट्टी खरोखरच होती. खोट्याची सुरुवात अशी एका खऱ्या वाक्यापासून झाली. पुढे दर वर्षी ती विचारायची, लॉकर उघडलास का, आणि दर वर्षी मी काहीतरी सांगायचे. किल्ली सापडत नाही, सही जुळत नाही, घाईत राहिलं. ज्या बाईच्या घरात प्रत्येक किल्लीला चिठ्ठी बांधलेली असते तिची किल्ली सापडत नाही, ह्यावर कुणाचाही विश्वास बसला नसता. शरयूचा बसला. अशी दहा वर्षं गेली.

सहा वर्षांपूर्वी मी इथे असताना तिच्याकडे जेडचं काम आलं. जेड हा एक फार कठीण हिरवा दगड. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या राजांना तो सोन्याहून मोलाचा होता. एका संग्रहालयाचे तसले काही प्राचीन दागिने येनाला आले होते, कारण ह्या गावात सूक्ष्मदर्शकांना तोटा नाही, आणि चित्रं काढायला निवृत्त झालेल्या शरयूलाच बोलावलं होतं. परवानगी काढून तिने मला एकदा प्रयोगशाळेत नेलं. हातमोजे घालायला लावले आणि वर सांगितलं की हात मागे बांधून उभी राहा. समोर फोमवर तळहाताएवढी एक पट्टी ठेवलेली होती, कैरीच्या सालीच्या रंगाची, एका बाजूला जरा धुरकट. तिच्यावर मांडी घालून बसलेला राजा. तोंड एका बाजूला वळवलेलं, नाकाची रेघ सरळ कपाळात गेलेली, डोक्यावर पिसांचा एवढा मोठा संभार की मानेची काळजी वाटावी. गळ्यात मण्यांची माळ आणि छातीवर आणखी एक बोटभर चेहरा कोरलेला. तो त्याच्या पूर्वजाचा असावा, शरयू म्हणाली, हे लोक आपले आजे-पणजे दागिन्यांवर कोरून अंगावर घालत. राजासमोर एक लहान माणूस गुडघे टेकून बसला होता. त्याला हात नव्हते. दगड तिथेच संपत होता.

मी विचारलं, तुटला का? ती म्हणाली, तुटला नाही, कापला. पुढच्या कुठल्यातरी पिढीने आजोबांची पट्टी घेतली आणि तिचा एक भाग कापून दुसरं काही केलं, मणी म्हणा, कानातलं म्हणा. तिने मला कडेवरच्या बारीक, किंचित वळलेल्या रेघा भिंगातून दाखवल्या. त्यांच्याकडे धातूची हत्यारं नव्हती. वाळू आणि पाणी घालून दोरीने घासून घासून कापत. एवढ्या कापाला किती दिवस लागले असतील ते ती सांगू शकली नाही. आठवडे, बहुतेक. "रोज सकाळी उठून पुन्हा कापायला बसले असतील," ती म्हणाली. तिला कापणाऱ्यांचं कौतुक वाटत होतं. मला मात्र ती दहा मिनिटं आठवत होती.

दुपारी घरी आल्यावर ती ह्या टेबलाशी बसली आणि राजाच्या पिसांवर ठिपके द्यायला लागली. मी समोर बसले होते. म्हणाले, "शरू, लॉकरमध्ये पुतळ्या नाहीत."

तिचा हात थांबला नाही. तीन-चार ठिपके पडले. मग तिने विचारलं, "कधीपासून?"

"अनघाच्या लग्नापासून."

"म्हणजे तो हार."

"हो."

तिने पेनाला टोपण लावलं. "एकही नाही ठेवलीस?"

मी दोन पदरांचं कारण सांगितलं. सांगताना मलाच ते ऐकवेना. ती राजाकडे बघत म्हणाली, "जेड वितळत नाही, ताई. ह्यांनी आजोबाला कापलं ते हजार वर्षांनी मला दिसतंय. सोन्याच्या काही लक्षात राहत नाही. म्हणूनच तुम्हा सगळ्यांना ते आवडतं."

त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. दोन खोल्यांच्या घरात कामापुरतं बोलणं फार ऐकू येतं. मी पोळ्या केल्या, तिने खाल्ल्या. मी तिकीट बदलून लवकर परत जावं असा विचार करत होते. चौथ्या दिवशी सकाळी तिने टेबलावरचे कप बाजूला केले, एक कोरा कागद बोर्डावर चिकटवला आणि म्हणाली, "बस. मी विचारते ते सांग. आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. बनवून सांगू नकोस, तेवढं पुरे झालं."

तिने पुतळी काढायला घेतली होती. समोर वस्तू नव्हती, फक्त दोन म्हाताऱ्यांच्या आठवणी होत्या, म्हणून तिने नियम केला. ती आधी स्वतःचं उत्तर चिठ्ठीवर लिहून घडी घालायची, मग मला विचारायची, मीही लिहायचं, आणि मग दोन्ही चिठ्ठ्या शेजारी उघडायच्या. जुळलं तर पूर्ण रेघ. नाही जुळलं तर तुटक. दोघींनाही आठवत नसेल तर मोकळं. पहिला प्रश्न होता, माळेत पुतळ्या किती. माझ्या चिठ्ठीवर एकवीस, तिच्या चिठ्ठीवर सत्तावीस. माझ्याकडे दागिन्यांची वही आहे, पण तीत त्या माळेचं ग्रॅमपर्यंत वजन, डबीचा रंग आणि सोनाराचं नाव एवढंच होतं. दुसरा प्रश्न, चकतीच्या कडेला काय. दोन्ही चिठ्ठ्यांवर 'मणी'. "गेनाऊ," ती म्हणाली, अगदी बरोबर, आणि सबंध दिवस खपून तिने मण्यांचं एक वर्तुळ पूर्ण रेघेत काढलं. त्या दिवशी जेवताना तिने मला मीठ कुठे आहे ते विचारलं, आणि मी समजले की घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.

शेपटावरून मात्र भांडण झालं. गुडघे टेकलेल्याला शेपूट होतं, असं तिच्या चिठ्ठीत. माझ्या चिठ्ठीत नाही.

"मारुती आहे ना तो?"

"तूच लिहिलं होतंस, तो व्हेनिसचा राजा आहे."

"आपल्या सोनाराने लावलं असेल शेपूट. त्याला काय ठाऊक व्हेनिस."

"मग मला कसं दिसलं नाही?"

"तू वजन बघत होतीस."

शेपूट तुटक रेघेतच राहिलं. फ्राऊ लेमान यांनी ते चित्र पाहिलं तेव्हा त्यांनी शेपटावर बोट ठेवून विचारलं, 'किंग?' शरयूने शांतपणे 'या', म्हणजे जर्मनमधलं 'हो', म्हणून सांगितलं. त्या अजून मानतात की भारतात राजांना शेपटं असत, आणि मी आजवर त्यांना काही समजावलेलं नाही.

माझे तीन महिने संपले तरी चित्र संपलं नाही. मग ते रविवारच्या फोनवर चालू राहिलं. तिने चिठ्ठी लिहून ठेवलेली असायची, ती प्रश्न विचारायची, मी लिहायचे आणि मग वाचून दाखवायचे. फोनवर मी खरंच आधी लिहिते की तिचं ऐकून सांगते, हे तिला कळायला काही मार्ग नव्हता. तिने त्याबद्दल कधी विचारलं नाही, आणि मीही प्रत्येक वेळी खरोखर लिहिलं. सहा वर्षांत प्रश्न फार झाले नाहीत. कधी महिनाभर एकही नसायचा, मग अचानक, उभ्याच्या पायात काही होतं का, दोघांच्या मधे जागा किती होती. तिने मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. माझ्याकडून दर रविवारी मनातल्या मनात विचारणं व्हायचं, एवढंच.

शेवटच्या रविवारी ती म्हणाली, "गुडघे टेकलेल्याचे हात. जोडलेले होते की हातात काही होतं? काठी, निशाण, काहीही." मला आठवेना. मी म्हणाले, विचार करून सांगते. "कर. माझी चिठ्ठी लिहून ठेवली आहे," ती म्हणाली. मग तिने बाजारात पाल्यासकट मुळा मिळाला आणि त्याचा पाला परतला ते सांगितलं, आणि फोन ठेवला. मंगळवारी फ्राऊ लेमान यांचा फोन आला.

इथे आले तेव्हा टेबल होतं तसंच होतं. दिवा डावीकडे. बोर्डावर पातळ कागदाखाली पुतळीचं चित्र, आणि शेजारी, इथल्या टेकडीवरून आणलेल्या चुनखडीच्या दगडाखाली, चार घड्यांची चिठ्ठी. ती मी चार आठवडे उघडली नाही. कपडे आवरले, तळघरातली खोली रिकामी केली. जेडची सगळी चित्रं प्रयोगशाळेतल्या माणसांनी माझी सही घेऊन नेली, त्यांच्याबरोबर तो पिसांचा राजा आणि त्याच्यासमोरचा बिनहातांचा माणूसही गेला. शरयूने त्याचे हात तुटक रेघेतही काढलेले नव्हते. फ्राऊ लेमान कुंड्या न्यायला आल्या तेव्हा मी चिठ्ठीच्या भोवतालची धूळ पुसत होते. त्यांनी विचारलं, 'ओपन?' मी म्हणाले, 'नॉट येट.' पुढे त्या जिन्यात भेटल्या की नुसत्या भुवया उंचावायच्या आणि मी मान हलवायचे.

परवाच्या रविवारी, आमच्या फोनच्या वेळेला, मी टेबलाशी बसले. नियमाप्रमाणे आधी माझं उत्तर लिहायला हवं होतं. डोळे मिटले. आई दिसली, कुंकू लावायला पुढे वाकलेली, आणि वाकल्यामुळे गळ्यापासून सुटलेल्या पुतळ्या. गुडघे टेकलेल्याचे हात जोडलेले दिसले. मग काठी म्हणून पाहिलं तर काठी दिसली. मग निशाण... जे हवं ते दिसायला लागलं तेव्हा मी डोळे उघडले आणि कागदावर लिहिलं, 'आठवत नाही.' घडी घातली. मग तिची चिठ्ठी उघडली.

पेन्सिलीने लिहिलं होतं: 'मलाही आठवत नाही. ताई सांगेल तशी पूर्ण रेघ.'

तिच्या सगळ्या नियमांत हे कुठेच बसत नव्हतं. दोघींचं जुळल्याशिवाय पूर्ण रेघ नाही, हा नियम तिचाच. आणि इथे दहा वर्षं लॉकरच्या गोष्टी सांगणाऱ्या बहिणीच्या एकटीच्या शब्दावर तिने हात सोपवले होते. मी ती चिठ्ठी पुन्हा घडी घालून माझ्या चिठ्ठीशेजारी ठेवली. जोडलेले हात लिहून कुणाकडून तरी काढून घेतले असते तर चित्र पुरं झालं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. पण आठवत नाही ते आठवत नाही. हातांची जागा मोकळीच राहिली आहे. संध्याकाळी जिन्यात फ्राऊ लेमान भेटल्या, त्यांनी भुवया उंचावल्या, आणि मी पहिल्यांदाच 'येस' म्हणाले. त्यांनी मला घरात नेऊन कॉफी पाजली आणि काही विचारलं नाही.

रेवा, ईशान, चित्र पुठ्ठ्याच्या नळीत घालून तुमच्याकडे येईल. बरोबर दोन चिठ्ठ्या आहेत, त्या हरवू नका. मण्यांचं वर्तुळ, उभ्याचे पाय, दोघांच्या मधली जागा हे पूर्ण रेघेत आहे, ते तुमच्या पणजीच्या गळ्यात खरोखर होतं असं समजा. शेपटाबद्दल तुम्हाला हवं ते माना. तुमची आई परवा फोनवर म्हणाली की तो दोनपदरी हार आता जड वाटतो, रेवा मोठी झाली की मोडून काही हलकं करू. करा. मोडू नका असं सांगायचा अधिकार मला नाही. फक्त सोनाराकडे नेण्याआधी एक दिवस तो टेबलावर ठेवा आणि तुम्ही दोघं, एकमेकांच्या कागदात न डोकावता, त्याचं चित्र काढा. दोघांना दिसेल ते पूर्ण रेघेत. दिवा डावीकडे ठेवा.